तब्येत खराब असलेली सत्तावीस मुलं

सकाळचे सहा पंचवीस. पूर्णिमा झाडे खो-खोच्या मैदानावर वाकून फक्की मारत होती. कर्वेनगरातल्या त्या शाळेत या कामाला शिपाई आहे, पण त्याची रेघ वाकडी येते आणि वाकड्या रेघेवरून मुली पंचांशी भांडतात. म्हणून एकोणीस वर्षं हे काम तिचंच. वय शेहेचाळीस, दोनपैकी एकच गुडघा धड. मूळची चंद्रपूरकडची. पुण्यानं तिची बोली जवळजवळ पुसून टाकली. राग आला की ‘का’च्या जागी ‘काऊन’ येतो, तेवढं उरलंय.

त्या सकाळी राग आलेलाच होता. आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापकांचा निरोप शिक्षकांच्या ग्रुपवर पडला होता : आरोग्याच्या अर्जात ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःची तब्येत ‘खराब’ लिहिली आहे, त्यांना डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय आंतरशालेय स्पर्धेत उतरवू नये. संघाची यादी दुपारी दोनपर्यंत द्यायची होती. आणि आनंदी, खांबावर सूर मारून गडी टिपणारी संघातली एकमेव मुलगी, ‘खराब’मध्ये होती.

अर्ज साधाच. नववा प्रश्न : तुझ्या मते तुझी तब्येत कशी आहे? उत्तम, बरी, खराब. आनंदीच्या वर्गात, आठवी ‘ब’मध्ये, एक्केचाळीस मुलांपैकी सत्तावीस जणांनी ‘खराब’वर खूण केली होती. यातल्या बहुतेकांना पूर्णिमा रोज पळताना बघत होती. एका वर्गात सत्तावीस आजारी असते, तर शाळेला सुट्टी द्यावी लागली असती.

त्या वर्गाचा पहिला तास तिचाच होता. तिनं मुलांना मैदानात न नेता कट्ट्यावर बसवलं.

“खराब लिहिलेल्यांनी हात वर करा. घाबरू नका, इंजेक्शन नाही देत.”

हात वर गेले.

“वरद, तुला काय झालंय?”

वरद उंच, काटकुळा. सहाशे मीटर वर्गात सगळ्यात आधी पूर्ण करणारा. “काही नाही झालं, मॅडम. तब्येतच नाहीये ना माझी. हे बघा हात. मामा म्हणतो, जिम लाव, जरा तब्येत कर.”

“पळताना दम लागतो?”

“छे.”

“ताप, खोकला?”

“मॅडम, मी फिट आहे. फक्त तब्येत खराब आहे.”

“हा हँगर आहे, मॅडम,” मागून कुणीतरी म्हणालं. “शर्ट अडकवायला.”

हशा ओसरल्यावर पूर्णिमा आनंदीकडे वळली. “आणि तुझी?”

“माझी सुधारलीये.”

“मग खराब काऊन लिहिलं?”

“आत्या आली की म्हणते ना, अगं बाई, तब्येत चांगलीच सुधारली हिची! की आई लगेच माझा भात कमी करते.” आनंदीनं खांदे उडवले. “म्हणजे खराबच की.”

घोळ शब्दातच होता. अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यात तब्येत म्हणजे प्रकृती. मुलांनी ती आरशात बघून भरली होती. बारीक मुलगे खराब, अंगानं भरलेल्या मुली खराब. पूर्णिमानं एकेकाला विचारलं. सत्तावीस जणांत प्रकृतीची तक्रार दोघांची निघाली : एकाला दमा, एकाची दाढ. त्या दोघांना तिनं डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मग तिनं उलटा प्रश्न टाकला.

“उत्तम कुणी लिहिलंय?”

सहा हात. त्यांत सुरुचीचा सगळ्यात उंच. सुरुची संघातली सर्वांत वेगवान मुलगी. गेल्या आठवड्यात प्रार्थना चालू असताना ती दोनदा मटकन खाली बसली होती.

“सकाळी काय खाऊन आलीस?”

“पाणी प्यायले.”

“काल?”

“पाणीच. मला नाश्ता लागत नाही, मॅडम. आय अॅम टोटली फिट. जीन्स दोन साइज खाली आलीये.”

म्हणजे निरोपाप्रमाणे आनंदी बाहेर बसणार होती आणि सुरुची उन्हात पळणार होती.

मुख्याध्यापक रामदास आगाशे नारायण पेठेत वाढलेले, मराठीचे एम.ए. पूर्णिमा खोलीत आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बसा, झाडे मॅडम. उभ्यानं व्यायाम आपला रोजच चालतो.”

“निरोप मागे घ्या, सर. मुलांनी अंगकाठी लिहिलीय, आजार नाही.”

“लिहिलंय ते लिहिलंय. खाली पालकांच्या सह्या आहेत. आपण वैद्यकी कधीपासून सुरू केलीत?”

“आपण मराठी शिकवायचं सोडलंत तेव्हापासून. ‘तब्येत सुधारली’ असं घरी म्हणून बघा, सर. काय उत्तर मिळतं ते मला कळवा.”

आगाशे सरांच्या ओठाची एक बाजू किंचित हलली आणि लगेच सरळ झाली. “मैदानात कुणी कोसळलं तर पेपरवाले अर्ज वाचतील, मॅडम. शब्दकोश नाही वाचणार.”

यात खोटं काही नव्हतं. पूर्णिमानं संघाची यादी टेबलावर ठेवली आणि तळाशी लिहिलं : वरील खेळाडूंना मी रोज सकाळी मैदानावर पाहते. खेळण्यास सक्षम आहेत. जबाबदारी माझी. खाली सही केली. मग तेच पेन वर नेऊन सुरुचीचं नाव खोडलं.

“ही तर ‘उत्तम’मध्ये आहे,” सर म्हणाले.

“म्हणूनच.”

“ही नसेल तर संघ पहिल्या फेरीत घरी येईल.”

“येऊ दे. आपल्या पायांनी येईल.”

“कारणे दाखवा नोटीस निघेल, मॅडम. निरोप झुगारल्याची.”

“काढा. उत्तरात ‘तब्येत’ हा शब्द येणार नाही, एवढी काळजी घेते.”

सरांनी यादीवर शिक्का मारला. नोटिशीचा मजकूरही त्यांनी त्याच बैठकीत लिपिकाला सांगितला.

दुपारच्या सुट्टीत सुरुचीनं पूर्णिमाला जिन्यात गाठलं. डोळे लाल, आवाज चढलेला. “मला काही झालेलं नाहीये. आनंदीला घेता आणि मला नाही? ती केवढी आहे बघा!”

“ती केवढी आहे, त्याचा खांबाला त्रास नाही. तू चौथ्या मिनिटाला उभी असशील की आडवी, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखव, खायला लाग, नाव परत घालते. पुढच्या स्पर्धेत.”

“आई तुम्हाला फोन करेल.”

“मीच करतेय.”

आई फोनवर आधी तडकली. “अहो, बारीक आहे म्हणून शिक्षा? आमच्या सोसायटीत सगळ्या विचारतात, काय करते हो तुमची मुलगी, म्हणून.”

“मग सांगा त्यांना. उपाशी राहते.”

आईनं फोन ठेवून दिला. संध्याकाळी पाच वाजता आईचा मेसेज आला, डॉक्टरांची वेळ घेतल्याचा. आभार वगैरे नव्हते.

नोटीसही पोचली. उत्तराला तीन दिवसांची मुदत आहे.

उद्या बुधवार. सराव पावणेसातला सुरू होतो. आनंदी खांबालगतच्या चौकोनात खो घ्यायला बसेल. सुरुचीला डॉक्टरांनी साडेनऊची वेळ दिली आहे आणि येताना नाश्ता करून यायला सांगितलं आहे.