यमुनाक्काच्या पदराखालचा सौदा

उदगीरहून गाडीत बसलो तेव्हाच लेकीला, शोभाला, बजावलं होतं: दहावी झाली, आता हैदराबादला एक वर्ष शिकायचं, मग लग्न. मुलाकडचे तेवढंच थांबणार होते.

नामपल्लीला उतरलो. स्टेशनाबाहेर कॉम्प्युटर क्लासच्या रंगीत पाट्या, एसटीडीचे नवे बूथ. विद्यानगरचं भाडं रिक्षावाल्याने सांगितलं, मी निम्मं म्हटलं. "चच्चा (काका), भाव बी तुमीच बोलो, आटो बी तुमीच चलाव." शोभा हसली. मी चिडून सुलतान बाजारापर्यंत तिला चालवत नेलं आणि तिथून बस धरली.

यमुनाक्का आमच्याच गावची. रझाकारांच्या दिवसांत आमची दोन्ही घरं एकाच बैलगाडीतून सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेली. तिथेच ती वाचायला शिकली. पुढे आम्ही गावी परतलो, तिचे वडील मात्र तिला घेऊन हैदराबादलाच राहिले. आता ती आणि छावणीतल्याच आणखी दोघी गावाकडच्या मुलींना विद्यानगरच्या घरात वरच्या खोल्यांत ठेवून शिकवतात.

जेवायला गोंगुरा (आपली अंबाडी) आणि भाकरी होती. वर्षानुवर्षं मनात होतं ते तिथेच बोललो. "गाव आम्ही सांभाळलं, अक्का. तुम्ही इकडे राहून शहाण्या झालात."

"सांभाळलंस ना? मग एक तरी पोरगी दहावीच्या पुढे गेली का?"

मी बैलांचा व्यापारी. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून ठरवतात आणि ठरलेलं फिरवत नाहीत. अक्काचे वडीलही याच धंद्यातले. तिने आपला पदर माझ्या हातावर टाकला. मी संकोचलो.

"छावणीत तुझं नाक मी पुसलंय, दिगू. लाजू नकोस. वर्षं बोल."

मी तिचं एक बोट धरलं. तिने माझी पाचही धरली, म्हणजे पदवीपर्यंत. मी दोनावर आलो. ती हलेना. हात ओढला, सुटेना.

"दात पाहिल्याशिवाय बैलाला बोली लावत नाहीस. पोरीची वही कधी पाहिलीस?"

पाहिली नव्हती. शोभाच्या हातात भाकरीचा तुकडा मघापासून तसाच होता. मी तीन धरली, मग चार. शेवटी पाच.

"शोभे, पाच वर्षं," अक्का पदर सावरत म्हणाली. "आता जेव."

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. मुलाकडच्यांना थांबायचं नसेल तर त्यांनी दुसरी मुलगी पाहावी, हे मी विकाराबादच्या आतच ठरवलं. समोरच्याच्या पहिल्या बोलीला आजवर मी कधीच हो म्हटलं नव्हतं. घरी मात्र सांगितलं, पाच मीच आधी धरली.