यादीतली दोन अक्षरं

अण्णाप्पांनी बेळगावच्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं मोल्डरचं काम केलं. वाळूचे साचे बांधले, त्यात वितळलेलं लोखंड ओतलं. रिटायर झाले तेव्हा बेंगळुरूहून त्यांच्या मुलीनं, पारमितानं, एक खोकं पाठवलं. आत तीन पायांची काळी गोल शेगडी होती, वर घुमटासारखं झाकण. झाकणाला आणि बुडाला हवेची भोकं, ती उघडझाप करायला पत्र्याच्या चकत्या. तानीकाकू, म्हणजे त्यांची बायको, शेगडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "सवत आली म्हणायची."

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. मूळचा कणकुंबीकडचा, जंगलपट्टीतला. मराठीत एम. ए. केलं आणि एका कॉलेजात तासांवर शिकवतो. माझं अक्षर चांगलं आहे. ते इथं सांगायला हवं.

पहिल्या खेपेला अण्णांनी फौंड्रीतला कोक आणला. लोखंड वितळवणाऱ्या कोळशावर त्यांचा विश्वास होता. मांसाला गंधकाचा वास लागला. "ड्युटीवर गेल्यागत लागतंय," काकू म्हणाल्या. मग अण्णांनी साधा लाकडी कोळसा आणला आणि जांभळीचे वाळलेले तुकडे. पुढचं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आग म्हणजे हवा, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

कॅम्पातल्या दुकानातून ते डुकराच्या बरगड्यांची अख्खी फळी आणायचे. हाडाच्या बाजूचा पातळ पडदा फडक्यात धरून ओढायचे. मीठ आणि संकेश्वरचा गूळ चोळायचे. निखारे एका अंगाला, फळी दुसऱ्या अंगाला, मध्ये पाण्याचं ताट. झाकण लावून चकत्या अर्ध्या मिटायच्या. पाच तास. कांदा-लसूण चटणी चिंचेच्या पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर ती करपून कडू होते. मी मधेच झाकणाला हात लावला की म्हणायचे, "साचा उघडून बघत न्हाईत, सौरव."

हे सगळं मागच्या अंगणात चालायचं. घराच्या खिडक्या बंद. पुढच्या खोलीत उदबत्त्यांचा अख्खा पुडा. फौंड्रीत लागण्याआधी, निपाणीत, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भाड्याच्या घरात वास गेला आणि मालकानं आठ दिवसांत भांडी बाहेर काढली होती. तेव्हापासून काकूंनी त्या मांसाचं नाव तोंडात घेतलं नव्हतं. त्या 'ते' म्हणायच्या. आज ते आणलंय. ते झाकून ठेवा.

जानेवारीत कॉलनीचं सामुदायिक जेवण असतं. आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडतो. प्रत्येक घरातून एक पदार्थ. मांडवाच्या तोंडाशी ठेवलेल्या फळ्यावर यादी मीच लिहितो. यंदा शनिवारी संध्याकाळी अण्णा फळ्यापाशी आले आणि म्हणाले, "आमच्या नावापुढं लिही. डुकराच्या बरगड्या."

दरवर्षी ते जिलेबी आणायचे. विकतची.

मी खडू उचलला. मग सुचवलं, "वराह लिहू का, अण्णा?"

"वराह तुमच्या पोथीत. माझ्या जाळीवर डुक्कर हाय."

मी लिहिलं. ते गेल्यावर कॉलनीचा सेक्रेटरी विक्रम आला. त्यानं यादी वाचली, फळ्यापासून दोन पावलं मागं सरला, परत वाचली.

"सर, माझं काय न्हाय. पण बायकामाणसं जेवणार."

"मग पुसू?"

"पुसू नका, म्हातारा दुखावंल. आधी दोन अक्षरं वाढवा. रान."

रानडुकराच्या बरगड्या.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंही. गावाकडं आमच्या घरी आजोबांच्या रानडुकराच्या शिकारीची गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात. ते मांस कोणी कोणाला वाढलं, सगळं सांगतात. खिडक्या कुणी लावत नाही. मला वाटलं, दोन अक्षरांत सगळ्यांचं भागतंय. ओळीत जागा होती. मी ती दोन अक्षरं लिहिली.

रविवारी सकाळी सातला अण्णा फळ्यासमोर उभे होते. मी माडीवरून पाहिलं आणि खाली गेलो. काकूही बाहेर आल्या.

"अक्षर तुझं?" अण्णांनी विचारलं.

"व्हय."

"झ्याक हाय."

मला मान वर करता येईना. विक्रम मांडवातून धावत आला. "अण्णा, असंच असू द्या. लोक उड्या टाकून खातील बघा."

"हे कॅम्पातलं हाय, विक्रम. रान बघितलं न्हाय त्यानं जन्मात."

"कुणाला कळतंय?"

"मला."

"मग हिकडं आणू नका. घरात खावा."

"घर समोरच हाय," अण्णा म्हणाले.

काकूंनी त्यांचा दंड धरला. "एक दिस रान म्हटल्यानं काय झडतंय तुमचं? जयाबाई शेजारी बसत्यात माझ्या. एकोणीस वर्सांत एक बाई जोडली मी ह्या कॉलनीत."

"लोखंडात माती मिसळून दिली न्हाय मी कधी."

"माणसं लोखंड न्हाईत," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. दाराची कडी वाजली.

अण्णांनी शेगडी मागच्या अंगणातून उचलून पुढच्या फाटकात आणली. बरोबर मधोमध. फाटक सताड उघडलं. आठला कोळसा पेटला. जांभळीचा धूर आधी सरळ वर गेला, मग वारा फिरला आणि मांडवात शिरला. मांडवातली माणसं त्याच्याकडं बघायची आणि फाटकाकडं बघायचं टाळायची. अण्णा स्टुलावर बसून होते. हातात फौंड्रीतले जुने हातमोजे. अकरा वाजता एकानं येऊन विचारलं, "झाकण जरा घट्ट बसत न्हाय व्हय?"

"बसतंय. धूर निघायलाच भोकं हाईत."

साडेबाराला त्यांनी झाकण उघडलं, चटणी फासली, परत लावलं. एकला चिमट्यानं फळी मध्ये धरून उचलली. दोन्ही टोकं लवली, वरच्या सालीला चीर गेली. शिजल्याची खूण. तेवढ्यात मागं कडी निघाली.

काकू नेसून तयार होत्या. धुतलेली साडी, केसांना तेल. आमच्याकडं न बघता त्या रस्ता ओलांडून गेल्या. मला वाटलं, मांडवात जेवायला चालल्या. त्या फळ्यासमोर थांबल्या. तळहातानं दोन अक्षरं पुसली. नीट, शेजारच्या अक्षराला धक्का न लावता.

मांडवात जेवणारे हात थांबले. जयाबाई पहिल्याच खुर्चीवर होत्या. "काय पुसलासा हो, तानीबाई?"

"खोटं होतं ते. डुक्कर हाय. पाळीव."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. अण्णांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

जयाबाई उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "एवढी वर्सं तुमच्याकडनं वाटी येती माझ्या घरात. काय काय घातलासा त्यात?"

"तुमच्या वाटीत कधी घातलं न्हाय. आज घालायचं म्हणती, म्हणून नाव सांगून विचारती. घेणार?"

"न्हाय."

"बरं."

"आन् वाटीबी नको आता," जयाबाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढत मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. प्लॅस्टिकची खुर्ची खडीवर घासत गेली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

काकू परत आल्या. विक्रमचे वडील, भरमूआप्पा, त्यांच्या मागोमाग ताट घेऊन फाटकात आले. विक्रमनं हाक मारली. त्यांना कमी ऐकू येतं, किंवा त्या दिवशी आलं नाही. आणखी कोणी आलं नाही.

अण्णांनी फळी कापली. एक बरगडी माझ्यापुढं धरली. "तू कसं खाणार? रान म्हणून, का हाय तसं?"

"हाय तसं."

काकूंनी घरातून खुर्ची आणली. मी ती भिंतीच्या आडोशाला ठेवायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, मांडवाकडं तोंड करून ठेवली. बसल्या. ताट मांडीवर घेतलं. त्यांचे डोळे भरले होते.

"चटणी लई झाली काय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"न्हाय. बरोबर झालीया," त्या म्हणाल्या. "मोठी बरगडी काढा ती. मी काय लगेच उठत न्हाय."