धोक्याचा फळा आणि माझी जीभ

मंडळाच्या अंकाला काहीतरी द्या म्हणून एस्तेर तीनदा घरी येऊन बसली. चहा प्यायली, बिस्किटं खाल्ली, उठायचं नाव नाही. मी मराठी चौथी शिकलेला माणूस, मला कशाला छळता? पण कारखान्यात जन्म काढला की असले किस्से भंगारासारखे साठतात, आणि ते न्यायला कोणी येत नाही. घे बाई, ने एकदाचे.

सन बासष्ट ते चौसष्ट मी बेर्शेबाजवळ ट्रक जोडायच्या एका कारखान्यात चेकिंगला होतो. मुंबईत वर्कशॉपमध्ये वीस वर्षं हेच केलेलं. आमच्या शेडमध्ये बारा जण आपले मराठी ज्यू, मुंबईकडून आलेले.

*

अम्नोन म्हणून एक तरुण इंजिनीअर आला. किबुत्झवर, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतवस्तीवर वाढलेला, अर्धी चड्डी घालून ऑफिसात बसणारा. त्यानं भिंतीला एक फळा ठोकला. दर रविवारी, शनिवारच्या शब्बाथच्या सुटीनंतर काम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकानं सांगायचं की गाडीत काय बिघडू शकतं. आधी बोललं की आधी बंदोबस्त होतो, असं त्याचं म्हणणं.

पण कोऱ्या गाडीसमोर उभं राहून अभद्र कोण बोलणार? माझा मेहुणा रूबेन, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, गाड्या चालवून बघायच्या कामावर होता. तो म्हणाला, देवाच्या दयेनं सगळं बेसेदेर, म्हणजे हिब्रूत ठीकठाक. पुढच्यानं तेच म्हटलं. अकरा जणांचं सगळं बेसेदेर. बारावा मी. मी म्हटलं, आरसा पडेल. स्क्रू आखूड होते, आंधळ्यालाही दिसले असते.

मंगळवारी आरसा पडला. अम्नोननं खुशीत माझा हात धरून हलवला. रूबेन हळूच म्हणाला, "भावोजी, तुमची जीभ काळी आहे."

*

मग अम्नोननं मार्क द्यायला शिकवलं. बिघडायची शक्यता किती, एक ते पाच. नुकसान किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार, आणि ज्याचा आकडा मोठा तो धोका मोठा.

आमचे रंगारी सॉलोमनमामा सत्तरीला टेकलेले. त्यांना सीट फार आवडल्या होत्या, त्यांनी सीटला पाचातले पाच दिले. दोन्हीकडे. तीन रविवार फळ्यावर सगळ्यात वर सीट. अम्नोननं दोन सीट उसवल्या, स्प्रिंगा मोजल्या, रात्र रात्र डोकं धरून बसला म्हणे. शेवटी त्यानं मामांना विचारलं, सीटचं नक्की भय काय वाटतं? मामा म्हणाले, "भय कसलं? पहिला नंबर आहे तिचा."

*

फळ्यावर आणखी दोन रकाने होते. उपाय काय, आणि जबाबदारी कोणाची. डिमोनाच्या रस्त्यावर वाळू इंजिनात जायची, त्याला उपाय सापडेना. रूबेननं सुचवलं, आपल्या संदेष्ट्याला, एलियाहू हन्नावीला नवस बोलू आणि मलिदा करू. अम्नोनचा देवावर विश्वास नाही, पण रकाना रिकामा ठेवलेला त्याला चालत नसे. मलिद्यात काय घालतात ते त्यानं विचारून घेतलं. पोहे, साखर, सुकं खोबरं, खजूर. कोण करणार? माझी बायको हन्ना. लिहिलं. उपाय मलिदा, जबाबदारी हन्ना.

तेल अवीवहून मोठा अधिकारी तपासायला आला. रकाने भरलेले बघितले, मान हलवली, गेला.

मलिदा झाला, अम्नोननं दोन बशा खाल्ल्या. वाळू जायची ती जातच राहिली. पुढच्या रविवारी अम्नोन मला म्हणाला, जबाबदार व्यक्तीला मीटिंगला घेऊन या, खुलासा हवा.

*

मी मात्र दर रविवारी दिसेल ते बोलत होतो. रेडिएटर गळेल म्हटलं, गळला. दार निखळेल म्हटलं, निखळलं. अम्नोनला मी हिऱ्यासारखा वाटायला लागलो आणि आपल्या लोकांना महामारीसारखा. मी डबा घेऊन बाकावर बसलो की बाक रिकामा व्हायचा. मी गाडीजवळ गेलो की कोणीतरी मला क्रिकेटच्या गोष्टी काढून बाजूला न्यायचं.

सॉलोमनमामांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. ते मुद्दाम घरी आले, टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "तुमचा राग नाही. फक्त तिची तब्येत विचारू नका."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढचे दोन रविवार मीही म्हटलं, सगळं बेसेदेर.

*

आणि मग तो ट्रक. हँडब्रेकची तार झिजली होती, चार-दोन धागे शिल्लक. ट्रक रूबेनकडे जाणार होता. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा बहिणीसमोर त्यानं मला बजावलं होतं, माझ्या गाडीबद्दल तोंड उघडायचं नाही. हन्ना माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं होतं.

रविवारी फळ्यासमोर उभा राहिलो. बोललो तर घरात भांडण आणि शेडमध्ये वाळीत. न बोललो तर तार. मी बोललो. उतारावर हँडब्रेक धरणार नाही.

अम्नोननं पाच गुणिले पाच पंचवीस लिहिले. उपाय, तार बदलणे. जबाबदारी, रूबेन. रूबेननं वाकून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर माझं खरं मानल्यासारखं झालं असतं.

दुपारी त्यानं शेडमागच्या उतारावर ट्रक उभा केला आणि सिगारेट पेटवायला खाली उतरला. ट्रक घरंगळला. रूबेनचा उजवा पाय चाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

हॉस्पिटलात आम्ही गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. खाटेभोवती आपली सगळी माणसं. रूबेन सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, तुम्ही बोललात म्हणून झालं हे." कोणी त्याला गप्प केलं नाही. हन्नानंही नाही.

तेवढ्यात अम्नोन आला. त्यानं खिशातून ती तुटलेली तार काढली आणि रूबेनच्या पांघरुणावर ठेवली. गंजलेली टोकं, महिन्याभरापूर्वीची झीज. मराठी त्याला येत नव्हती, त्यानं नुसतं बोट दाखवलं.

रूबेननं तार उचलली. उलटीसुलटी करून बघितली, टोकांवरून अंगठा फिरवला. मग हन्नाकडे बघून म्हणाला, "बघ ताई. भावोजी बोलायच्या आधी चांगली होती."

तो अजून आहे, डिमोनाला असतो, लंगडतो, सणाला येऊन माझ्याच शेजारी जेवतो. माफी अजून मागितलेली नाही. एस्तेर, नाव नीट मोठ्या अक्षरात छाप: रूबेन.