कन्सोल म्हणाला चार

तिला आम्ही टकटक म्हणायचो. कारखान्यात आल्यापासून तिची बोटं कीबोर्डवर थांबलेली कुणी पाहिली नाहीत. आमचा कारखाना कृत्रिम पायांचा. मी तिथला साचेवाला. एकतीस वर्षं प्लास्टरमध्ये हात घातलेत, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. आधी ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. ते का सोडलंस, विचारलं तर म्हणाली, "तिथे पडलेला माणूस आपोआप उठतो, मास्तर. कंटाळा आला." दुपारी आईचा फोन आला की "हो, जेवले" म्हणायची, आणि डबा तसाच बंद. खोटारडी कुठली!

खरं सांगतो, मला ती नकोच होती. माझे अंगठे थरथरायला लागले म्हणून वरच्यांनी स्कॅनर आणला, आणि स्कॅनरच्या मागोमाग हिला. उरलेल्या पायाभोवती स्कॅनर फिरवला की पडद्यावरच्या खिडकीत तो पाय दिसायचा. नुसता दिसायचा, गोल गोल फिरायचा. मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "ज्याला हात लावता येत नाही तो पाय काय चाटायचाय?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. खिडकीशेजारी तिनं एक काळी चौकट उघडली. तिला ती कन्सोल म्हणायची. त्यात एक ओळ लिहिली, एंटर मारलं, आणि खिडकी चालू असतानाच तो पाय माउसनं वळायला लागला. दुसरी ओळ लिहिली, तर बाण ठेवलेली जागा लाल झाली.

"आता सांगा, तुम्ही इथे काय करता?"

"इथे अंगठ्यानं दाबतो."

तिसरी ओळ. मी क्लिक केलं आणि आईशप्पथ, तिथे खड्डा पडला! जरा पसरट हवा म्हटलं, की टकटक करून पसरट. मी सांगायचं, तिनं लिहायचं, आणि चालू खिडकीत लगेच उतरायचं. आठवडाभर हेच. एकतीस वर्षांत अंगठ्यांना जे जे कळलं होतं ते सगळं तिनं माझ्याकडून काढून घेतलं. घरी बायकोला सांगून सांगून मी वात आणला.

मग कंडक्टरबाई आल्या. अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. आवाज मात्र पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असा. दुसरीकडे दोन पाय करून झाले होते, आणि दोन्हींनी गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या हाडाच्या टोकावर जखम केली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तिसऱ्यांदा चिघळलं तर गुडघाही काढावा लागेल.

"गुडघा आहे तोवर मी बसची पायरी चढेन," त्या म्हणाल्या. "तो गेला की डेपोत खुर्चीवर बसवतील. मला खुर्ची नकोय, मास्तर."

म्हणजे त्या हाडाला जागा हवी. साच्यावर तिथे फुगवटा दिला, की पाय बसतो त्या वाटीत तेवढी मोकळीक मिळते. एका क्लिकला दोन मिलिमीटर फुगेल असं टकटकनं बांधलं होतं. मी म्हटलं, चार कर. तिनं कन्सोलवर बदललं. मी क्लिक केलं, फुगवटा आला.

"चार झालेत ना गं?"

तिनं कन्सोलला विचारलं. कन्सोल म्हणाला चार. "हे बघा, चार."

माझा अंगठा म्हणत होता, कमी आहे. पण थरथरणाऱ्या अंगठ्याचं कोण ऐकतंय? म्हातारा कुरकुरतोय म्हणतील, या भीतीनं मी मूग गिळून बसलो. साचा मशीनवर कोरला गेला.

दहाव्या दिवशी कंडक्टरबाईंचे मिस्टर त्यांना धरून घेऊन आले. पट्टी सोडली आणि मी वाकून पाहिलं. तीच जागा, आणि आधीपेक्षा खोल.

"अहो, दुखत होतं तर लगेच यायचं ना!"

"मला वाटलं, नवा पाय आहे, दुखणारच. रोज जिन्यावर पायरीचा सराव करत होते."

टकटक तडक आत गेली. फळीवरून तो साचा काढून तिनं मोजला. दोन मिलिमीटर. मग बदल केल्यानंतरचे सगळे साचे मोजले. बाकीच्यांना तेवढी मोकळीक लागतच नव्हती, नशीब त्यांचं.

"क्लिक झालं की काय करायचं, ते मी खिडकीला सुरुवातीलाच जोडून दिलं होतं," ती म्हणाली. "नंतर कन्सोलवर त्याच नावानं नवं लिहिलं. कन्सोलला नवं कळलं, पण खिडकीनं जुनंच धरून ठेवलं. पुन्हा जोडायचं राहिलं, मास्तर. एक ओळ राहिली."

"अगं, पण मला दिसत होतं!" मी ओरडलो. "कमी आहे हे मला दिसत होतं!"

"मग बोलला का नाहीत?"

कप्पाळ माझं!

वरचे म्हणाले, बाई जरुरीपेक्षा जास्त चालल्या असं सांगू. टकटकनं ऐकलं नाही. दवाखान्यात जाऊन बाईंच्या आणि डॉक्टरांच्या तोंडावर सगळं सांगितलं, आणि त्यात माझं नाव घेतलं नाही. माझं मी सांगितलं, तिच्यामागे उभा राहून, लाजेनं मेल्यासारखा. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "जा आता," एवढंच म्हणाल्या.

गुडघा गेला. ते कळलं त्या दुपारी नेहमीचा फोन आला, तर टकटक म्हणाली, "नाही गं आई, नाही जेवले," आणि ढसाढसा रडायला लागली.

चार महिन्यांनी बाई मांडीचं माप द्यायला आमच्याकडेच आल्या. का आल्या, विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांना खुर्ची दिली, तर त्या खुर्चीकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग बसल्या. टकटकनं खिडकी बंद करून नव्यानं उघडली. सगळं पुन्हा जोडलं. मी क्लिक केलं, तिनं पडद्यावरच मोजलं. आकडा बरोबर होता. तरी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अंगठा काय म्हणतोय, मास्तर?"

मी तिच्या कानाशी पुटपुटलो, "अजून थोडं हवं."

"ओ!" बाई खुर्चीतून कडाडल्या. "कुजबुजताय काय? मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोला!"

"अजून थोडं हवं!" मी ओरडलो.