दांडा तीन सेंटिमीटर वर

आधीच सांगते, मी इथे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मला भूत दिसलेलं नाही, आवाज आले नाहीत, पांढऱ्या साडीतली बाई वगैरे काही नाही. नंदुरबारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काम करतेय. रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, आकडा येईल तो लिहायचा. असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पण सहा महिने झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ज्याला सांगावी तो मलाच शहाणपण शिकवतो... म्हणून इथे लिहितेय.

गेल्या वर्षी माझी शुगर बॉर्डरवर आली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांमुळे पळणं नको, सायकल चालवा. वय चव्वेचाळीस. शाळेनंतर सायकलला हात लावलेला नव्हता. तळोद्याचे एक रायसिंगकाका, वनखात्यातून रिटायर झालेले, आपल्या मुलीची गिअरची सायकल विकतायत असं ओळखीतून कळलं. जीपच्या टपावर बांधून त्यांनी स्वतः आणून दिली. सायकल चांगली होती. चार-पाच वर्षांची, पण चकचकीत.

चालवायला लागले आणि वैताग सुरू झाला. दोन किलोमीटरवर बूड दुखायचं, चार किलोमीटरवर तळहातांना मुंग्या, घरी येईपर्यंत गुडघे ठणकायचे. सगळे म्हणायचे सीट वर घे. पण मला दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय धीर यायचा नाही. म्हणून मी दुकानातून सीट खाली करून आणली. सीटखालचा दांडा नऊ सेंटिमीटर बाहेर. (हो, मी मोजला. सवय.)

तिसऱ्या दिवशी सकाळी बसायला गेले तर पाय टेकेनात. मोजलं... बारा.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा नवरा हेमंत. तो शिक्षक आहे आणि दुसऱ्याच्या चुका सुधारायची त्याला हौस आहे. मी सरळ विचारलं, "सीट का वर केलीस?"

"मी कसाले हात लावू तुन्ही सायकलले?" तो पेपरातून मान न काढता म्हणाला.

मी परत नऊवर आणली. दोन दिवसांनी परत बारा. असं चार वेळा झालं. दरवेळी तीनच सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. माझं डोकं फिरलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण असलं चोरून सुधारणं मला खपत नाही. मी बोलले, तोही चिडला. "मी हात बी लाया नही. तुले भास व्हई ऱ्हायना." भास! मी रोज शंभर लोकांचे आकडे लिहिते आणि मला भास?

मग मी लॅबमधली पांढरी चिकटपट्टी आणली. सॅम्पलचा डबा सील करतो तशी दांड्याच्या आणि फ्रेमच्या सांध्यावर उभी लावली, अर्धी वर, अर्धी खाली. सांध्यावरूनच जाईल अशी सही केली. सायकल हॉलमध्ये, दाराला कुलूप, किल्ली माझ्या उशीखाली.

सकाळी पट्टी जागेवर होती. सुरकुती नाही, सही अखंड. आणि पट्टीच्या वर दांडा तीन सेंटिमीटर जास्त! म्हणजे पट्टीच्या आतून दांडा वर सरकला आणि पट्टीला पत्ता नाही... मी हेमंतला बोलावून दाखवलं. त्याने वाकून सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पट्टी बदलली असशील."

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

चार दिवसांनी रविवार होता, डिसेंबरातला. मी ठरवलं, ही पीडा ज्याची त्याला परत द्यायची. हेमंतकडे गाडी मागायची नव्हती. रागाच्या भरात म्हटलं, चालवतच नेते. तळोदा चाळीसेक किलोमीटर, आणि मी तोपर्यंत आठच्या पुढे गेलेली नव्हते. हे वेडेपण होतं हे मान्य आहे. निघण्याआधी सीट नऊवर केली, नवी पट्टी लावली, सही केली, फोटो काढला.

साडेसहाला निघाले. गावाबाहेर मिरच्या वाळत पडलेल्या, त्यांच्या वासाने खोकला सुटला. थंडीने बोटं आखडलेली. कोरीटपर्यंत पोचायला तास लागला आणि त्या तासात मी सायकलला, डॉक्टरला, हेमंतला सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. कोरीटला टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने मी लंगडत उतरताना पाहिलं.

"ताई, शीट बहू खाले शे तुमनी. गुडघा जाती ना!"

म्हणजे हाही! चहा घेता घेता सवयीने पट्टीचा फोटो काढला. दांडा नऊ, सही नीट. आणि निघाले.

यापुढचं मी जसं घडलं तसं सांगतेय.

कोरीट सोडल्यावर रस्ता सरळ आहे. दोन्हीकडे ऊस, मधे पपईची शेतं. ट्रॉल्या जात होत्या म्हणून मी कडेने चालवत होते. मधे मी कुठेही थांबले नाही. थांबले असते तर पाय टेकले नसते, आणि ते तेव्हाच कळलं असतं. किती वेळ गेला माहीत नाही, पण एकदम लक्षात आलं की मी गुणगुणतेय. बूड दुखत नव्हतं. हाताच्या मुंग्या गेलेल्या. कोपरं सैल पडली होती, पाय खालपर्यंत मोकळे जात होते आणि सायकल कुणी मागून अलगद ढकलावी तशी चालली होती. मला वाटलं, चला, शरीराला सवय झाली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला सायकल आवडली, हेही प्रामाणिकपणे सांगते.

प्रकाशा गावाजवळ तापीच्या पुलाच्या अलीकडे पाणी प्यायला थांबले. ब्रेक दाबला, पाय खाली सोडला... आणि पाय जमिनीला लागलाच नाही. मी आडवी पडले. कोपर सोललं.

उठून आधी कोपर नाही पाहिलं, पट्टी पाहिली. जागेवर. सही अखंड. पर्समधून टेप काढून मोजलं. बारा.

हॉल नाही, कुलूप नाही, हेमंत नाही. भर उन्हात, चालत्या सायकलवर, मी स्वतः सीटवर बसलेली असताना! माझं वजन सत्तर किलो आहे. सत्तर किलोखालून दांडा वर कसा येईल? खाली घसरला असता तर मी समजू शकले असते.

चार दिवसांत पहिल्यांदा हेमंतला फोन केला. दोन्ही फोटो पाठवले, कोरीटचा आणि पुलाचा.

तो म्हणाला, "मधे थांबून परत सील लावलं का?"

मी फोन कट केला आणि तिथे रस्त्याच्या कडेला बसून रडले. भीतीने नाही, संतापाने. मग उठले आणि सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट केली. सीट खाली न करता तशीच बसले. कारण आराम वाटत होता! पुढचे वीस किलोमीटर एकदाही काही दुखलं नाही.

रायसिंगकाकांचं घर तळोद्यात शोधायला वेळ लागला. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, कोपराला हळद लावायला सांगितली. मी म्हटलं, "काका, ही सायकल नको मला. हिची सीट आपोआप वर येते."

त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "करुणाला विचारू."

करुणा त्यांची मुलगी, सुरतला नर्स आहे. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मला कळावं म्हणून दोघं घरची बोली सोडून मराठीतच बोलत होते. मी घाईघाईत सगळं सांगितलं.

"वर येते?" ती म्हणाली. "माझी तर खाली आली होती ताई. मी बुटकी आहे ना. मामाने नवी घेऊन दिली तेव्हा दुकानवाल्याने उंचच ठेवली. मी रोज पडायची. मग एक दिवस सकाळी बघते तर सीट बरोबर माझ्या मापाला. पप्पांनी रात्रीतून करून ठेवली होती. आठवतं ना पप्पा?"

काका फोनकडे बघत होते. मला वाटलं आता ते नाही म्हणतील आणि माझ्या हाती काहीतरी लागेल. पाच-सहा सेकंद गेले असतील.

"हा," ते म्हणाले. "मीच केली."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खरंच तुम्ही केली होती?"

"मला तर ती सीट कशाने फिरते ते पण माहीत नाही," ते म्हणाले.

"मग खोटं का बोललात? मी चाळीस किलोमीटर आलेय हे विचारायला!" माझा आवाज चढला होता. आता लाज वाटते.

त्यांनी फोन खिशात ठेवला. "तिला नर्सिंगला जायचं होतं. मी नाही म्हटलं. पोरगी एकटी शहरात कशाला? तिचा मामा माझ्याशी भांडून तिला नर्सिंग कॉलेजला जायला सायकल घेऊन आला. तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही बाई. एका घरात. मग एक दिवस सकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, पप्पा, सीट तुम्ही खाली केली ना? मी काय बोलणार होतो? हो म्हटलं. त्या दिवशी मीच तिला कॉलेजपर्यंत सोडायला गेलो."

सायकल परत देण्याचा विषय मी काढलाच नाही.

दुपारी हेमंत गाडी घेऊन आला, न बोलावता. त्याने पट्टी पाहिली, माझा टेप घेऊन मोजलं, दोन्ही हातांनी सीट वर ओढून पाहिली, मग सगळा भार टाकून दाबून पाहिली. ती तसूभर हलली नाही. परतताना प्रकाशा गेल्यावर म्हणाला, "मी हात नही लाया. आते तरी पटनं का?"

"पटलं. पण मग कोणी?"

निदान त्याने या वेळी चूक माझ्यावर ढकलली नाही, एवढंच.

त्यानंतर मी सीट पुन्हा नऊवर करून पाहिली, महिनाभर सील लावून पाहिली. आता ती नऊवरून हलेचना! जणू माझीच फजिती करायची होती. दोन सायकलवाल्यांना आणि इंजिनिअरिंगच्या एका प्राध्यापकांना दाखवली. तिघांनी तीन कारणं सांगितली आणि तिन्ही कारणांत दांडा खाली जातो, वर येत नाही. शेवटी वैतागून मीच बाराला नेऊन घट्ट केली. आता दर रविवारी पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात.

मागच्या आठवड्यात करुणाचा फोन आला. नंबर तिने वडिलांकडून घेतला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "ताई, त्या दिवशी पप्पा जरा थांबले ना बोलताना... मला तेव्हापासून खटकतंय. तुम्ही समोर होतात. खरं सांगा, त्यांनीच केली होती ना?"

मला माहीत नव्हतं कोणी केली होती. आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, फक्त 'बोल्ट ढिला असेल' असं लिहू नका, हात जोडते.

मी तिला म्हटलं, "हो गं. त्यांनीच."