दादाच्या गाडीचा आवाज

इंजिनाचा जोर कमी व्हावा म्हणून सिलेंडर हेडखाली जादा पॅकिंग ठेवून मी बोल्ट आवळत होतो. वहिनी कोपरावरची पट्टी दाबत शेजारी उभ्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी जरा रेस दिली आणि गाडी त्यांच्या अंगाखालून निघून गेली होती.

ही ट्रायल्सची मोटरसायकल, दगडांवर चढवायच्या स्पर्धेची. दादा कपिलधारच्या बाजूला चालवायचा. तो गेल्यापासून ती शेडमध्ये आहे. बंद पडू नये म्हणून मी अधूनमधून सुरू करायचो. आवाज ऐकून दर वेळी आई दादा आल्यासारखी दाराकडे बघायची.

आता वहिनींना शिकायचंय. गाडीची ताकद एकदम न येता हळूहळू यावी म्हणून फ्लायव्हीलला, इंजिनातल्या फिरत्या जड चाकाला, लोखंडी रिंगही बसवली. संध्याकाळी किक मारली. आवाज जड झाला होता.

"भाऊजी, आता ही तेंची वाटत न्हाई."

"पहिल्यासारखी करू का?"

"नगं. मला पडायला टाइम न्हाई. पोरगी साळंतून येती."

त्यांनी अंगणात चकरा मारल्या. पडल्या नाहीत.

गेलेल्या माणसाची वस्तू तुम्ही कधी अशी बदलली आहे का?

आज सकाळी वहिनींनी गाडी सुरू केली. आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.