गजावरचं नाव

उदगीरच्या मोंढा बाजाराजवळ शेषेराव धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचा. शेजारीच शिवमूर्तीची खिळे आणि तार विकायची टपरी. दोघे एका वर्गातले, एका डब्यात जेवलेले. एके दिवशी एका पोलाद कंपनीचा माणूस आला. कंपनी तेव्हा नवखी होती. शेषेरावचं दुकान कोपऱ्यावर, म्हणून त्यानं आमच्या बांधकामाच्या गजाची एजन्सी घेता का, असं आधी त्यालाच विचारलं. नमुन्याच्या गजावर कंपनीचं नाव उठवलेलं होतं. शेषेरावला हसू आलं.

"गजावर नाव कशाला? गज काय लग्नातलं भांडं हाय?"

असं म्हणून त्यानं त्या माणसाला शेजारच्या टपरीकडं धाडलं. टपरीतून हे ऐकणाऱ्या शिवमूर्तीनं एजन्सी घेऊन टाकली.

पुढं कंपनीनं भट्ट्या वाढवल्या, खाणी घेतल्या, रखडलेले कारखाने गिळले. एसटीच्या पाठीवर तिची जाहिरात झळकली. तिच्यामागोमाग शिवमूर्तीही वाढला. टपरीचं दुकान झालं, दुकानाचं गोदाम झालं. इकडं प्लास्टिकची पिंपं आली आणि कोठ्यांना कोणी विचारीना. पेपरात कंपनीची बातमी दिसली की शेषेराव पान उलटायचा. शिवमूर्तीचे गुडघे धरले हे कळलं, त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला, असं त्याची बायको गुणाबाई सांगते.

उतारवयात त्यानं घर बांधायला काढलं. पण एक हट्ट धरला, शिवमूर्तीच्या कंपनीचा गज घरात येऊ द्यायचा नाही. त्यासाठी तो थेट नांदेडला गेला आणि जादा भाडं भरून मोर छाप गजाचा टेम्पो घेऊन आला. स्लॅबच्या जेवणाचं आवतण मात्र शिवमूर्तीला मुद्दाम दिलं. त्याच्या गजावाचून घर उभं राहतं, हे त्यानं डोळ्यांनी बघावं.

स्लॅबच्या सकाळी जाळी बांधून झालेली, मिक्सर सुरू झालेला. तेवढ्यात दगडोबा गवंडी म्हणाला, "मालक, मोर मोळीच्या चिठ्ठीवरच हाय. गजावर त्या कंपनीचंच नाव हाय."

शेषेरावनं नांदेडला फोन लावला. मोरवाला कारखाना मागच्या दिवाळीतच त्या कंपनीनं घेतला होता.

आता बांधलेली जाळी सोडवणार कशी? शिवमूर्ती यायच्या आत सगळं झाका म्हणून त्यानं मजुरांमागं लकडा लावला. दुपारपर्यंत स्लॅब टाकून झाला. पण वरच्या मजल्यासाठी कॉलमचे गज वर तसेच उभे होते. त्यांना त्यानं पोती गुंडाळली.

शिवमूर्ती जेवला, पोळीची तारीफ केली आणि गुडघे सांभाळत शिडीनं स्लॅबच्या कडेपर्यंत चढला. वाऱ्यानं कडेचं एक पोतं घसरलं होतं. गजावर अंगठा फिरवत तो म्हणाला, "शेषा, भांड्यावर नाव झकास उमटलंय की. वरच्या मजल्याला मला सांग. नांदेडला कशाला जातूस?"

शेषेरावनं त्याला पान दिलं आणि गाडीपर्यंत पोचवलंही. मग तडक परत येऊन दगडोबाला विचारलं, वरचा मजला कधी चढवता येईल? हे नाव लवकर झाकलं पाहिजे.

दगडोबा थापी धूत होता. "चढवू की. पण त्याच्याबी डोक्यावर गज निघतील, मालक."